माग

उसाच्या सरीत बिबट्याचा ठसा दिसला की आमच्याकडे 'कुठं आहे' असं कोणी आधी विचारत नाही. 'ताजा आहे का?' असं विचारतात. मग वाचन सुरू होतं. ठशाची कड कोरीव आहे की ढासळलीय, त्यात पाणी झिरपलंय का, मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर पडलाय का, शेजारी बछड्याची बारकी बोटं आहेत का. जुन्नर-आंबेगावात रात्रीच्या लाइटीवर पाणी धरायला जाणाऱ्याला हे वाचन यावंच लागतं. जनावर नीट पाहिलेली माणसं थोडी, माग ओळखणारी पुष्कळ.

ज्या चित्राचा आस्वाद मला इथं मांडायचा आहे ते याच जातीचं आहे, आणि तयारही आमच्याच रानात होतं. नारायणगावच्या पूर्वेला खोडद. तिथं आणि आसपासच्या पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत. चौदा मधल्या एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. डिश म्हटलं की पत्रा डोळ्यांपुढं येतो, इथं मात्र ताणलेल्या दोरांवर बसवलेली स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी आहे. वारा आरपार जातो, रेडिओ लहर अडते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी इथं गावजत्रेसारखी गर्दी असते. पोरं डिशखाली उभी राहून वर बघतात आणि 'यातून काय दिसतं?' असं विचारतात. खरं उत्तर असं की यातून काही दिसत नाही. यातून येतात आकडे, आणि आकड्यांची चित्रं करावी लागतात.

त्यांतलं एक चित्र पाहू. पल्सारचं. सिंह राशीत, मघेच्या जरा पश्चिमेला एक मेलेला तारा आहे, नाव बी०९४३+१०. नावात नुसता पत्ता आहे. फेब्रुवारीच्या अखेरीला मध्यरात्रीच्या सुमारास तो जुन्नरच्या जवळजवळ डोक्यावर येतो, पण डोळ्यांना दिसायचा नाही. दर १.०९८ सेकंदाला एक फेरी, म्हणजे मिनिटाला साधारण पंचावन्न. विलंबितातला ठेका म्हणा. प्रत्येक फेरीत एकदा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो आणि सेकंदाच्या जेमतेम विसाव्या भागापुरती एक धडक, म्हणजे पल्स, नोंदली जाते. बाकी सगळी फेरी गप्प.

चित्र काढायची रीत अशी. पहिल्या फेरीतली ती धडक एका आडव्या ओळीत मांडायची, जोर जास्त तिथं काळं, कमी तिथं पांढरं. दुसऱ्या फेरीची ओळ तिच्या बरोबर वर. तिसरी तिच्यावर. अशा दोनशे-अडीचशे ओळी. अभ्यासक याला पल्सांची चळत म्हणतात; मला ते मागावरचं कापड वाटतं. ओळ म्हणजे आडवा धागा, आणि सगळे धागे दडपून बसल्यावर नक्षी वर येते.

नक्षी काय येते? ढोबळ बघणाऱ्याला मधोमध काळपट पट्टा दिसेल. तारा फिरतोय, दिवा लागतोय, संपलं. पण डोळा जरा जवळ न्या. कोणतीही एक ओळ दुसरीसारखी नाही. एका ओळीत डाग मधोमध असेल, तर पुढच्या ओळीत मध मोकळा आणि डाग दोन्ही कडांना. तिसरीत पुन्हा मधोमध, पण अगदी तिथंच नाही, केसभर सरकून. पाचवीत आणखी सरकून. असं तास-दोन तास, न चुकता. बुद्धिबळाचा पट किंचित तिरका धरल्यासारखं ते कापड दिसतं. मला या चित्रात सगळ्यात आवडतो तो हा तिरकेपणा. तारा नुसता दिवा असता तर सगळे डाग एकाखाली एक सरळ उभे राहिले असते. डाग सरकतात, याचा अर्थ ताऱ्यावर, ताऱ्याच्या फिरण्याहून वेगळं असं, आणखी काहीतरी चालतं आहे.

ते काय असावं याचा एक ठाम अंदाज १९७५ साली रुडरमन आणि सदरलँड या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडला, आणि पन्नास वर्षं झाली तरी अभ्यासकांचं बोलणं त्याच्याच भोवती फिरतं. या ताऱ्याच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र सुमारे दोन लाख कोटी गौस. आपल्या पृथ्वीचं अर्ध्या गौसच्या आसपास. चुंबकीय ध्रुवावरच्या छोट्या चकतीवर, ही चकती म्हणजे सगळी मिळून तीनेकशे मीटर रुंद, खोडदच्या सहा-सात डिश ओळीनं ठेवल्या तर भरेल एवढी, तिथं प्रचंड विद्युतदाब साचतो. एखादा भरकटलेला गॅमा किरण तिथं शिरला की त्या क्षेत्रात तो टिकत नाही. तो फुटून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी होते. विद्युतक्षेत्र एकाला ताऱ्याकडं ओढतं, दुसऱ्याला आकाशाकडं ढकलतं. दोघंही वाकड्या चुंबकीय रेषांवरून पळता पळता नवे गॅमा किरण सोडतात. ते फुटतात, नव्या जोड्या होतात. बघता बघता ठिणगी पडते. एक नव्हे, चकतीवर वर्तुळात अनेक ठिणग्या, आणि त्या सगळ्या ध्रुवाभोवती हळूहळू सरकत राहतात. चित्रातला प्रत्येक काळा डाग म्हणजे अशा एका ठिणगीच्या माथ्यावर, पुष्कळ उंचावर, जोड्यांच्या लोटातून उठलेली रेडिओ लहर.

म्हणजे या कापडात जे विणलं आहे ते जोड्यांचं चालणं आहे. जोडी स्वतः एकही दिसत नाही.

एका जोडीपासून दुसरी, दुसरीपासून तिसरी, हा धबधबा मुंबईच्या माणसाला फार आधी दिसला होता. होमी भाभांनी १९३६ मध्ये इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित मांडलं. ते विखुरणं आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. पुढच्या वर्षी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा खुलासा केला: वेगवान इलेक्ट्रॉन गॅमा किरण सोडतो, गॅमा किरणातून जोडी, जोडीतून पुन्हा गॅमा. वातावरणाच्या थरातून खाली येईपर्यंत एकाचे हजारो. पॉझिट्रॉन सापडून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. त्याच भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली, पुढं स्वरूप यांना तिथं आणलं, आणि खोडदची दुर्बीण चालवणारं पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र त्याच संस्थेचं आहे. कागदावर लिहिलेला धबधबा आणि तो जिथं ऐकू येतो ते रान, दोन्ही एकाच घराण्यातले. हा योगायोग आहे हे मला कळतं, पण रसग्रहण करणाऱ्यानं योगायोगाचा आनंद सोडावा असं कुठं लिहिलेलं नाही.

आता याच्या शेजारी दुसरं एक चित्र ठेवतो, कारण एकटं ठेवलं तर खोडदच्या चित्राचा खरा अवघडपणा ध्यानात येत नाही. हे जिनिव्हाचं. तिथल्या सर्न प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवतात आणि ॲलिस नावाच्या यंत्रात त्या टकरीतून निघालेल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या मोजतात. ॲलिसमध्ये आपल्या देशातल्या संस्था पहिल्यापासून आहेत, पवईची आयआयटीही. अशी ही दोन यंत्रं. एक जमिनीखाली पुरलेलं, दुसरं कांद्या-टोमॅटोच्या वावरांत उघड्यावर.

१३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या टकरींमधल्या जोड्यांचा आलेख २०१९ साली छापून आला. आडव्या अक्षावर जोडीचं वस्तुमान, उभ्यावर अशा जोड्या किती. उभा अक्ष दहापटीच्या पायऱ्यांचा, म्हणून दिसतो तो उतार प्रत्यक्षात कितीतरी उभा आहे. डावीकडं सुरुवातीलाच उंच कडा: हलक्या पायॉनच्या मरणातून निघालेल्या जोड्या. तिथून शिवनेरीच्या कड्यासारखी रेघ खाली कोसळते. ०.७८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला एक टेकाड, ते ऱ्हो आणि ओमेगा या कणांचं. १.०२ ला दुसरं, टोकदार, ते फाय कणाचं. मग लांब उतार, त्यात जड मोहित (चार्म) आणि तळ (बॉटम) क्वार्कांचे कण मरून सोडलेले इलेक्ट्रॉन. आणि ३.१ पाशी एकदम सुळका, जे-साय कणाचा. दहा हजार फाय कण मेले तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या मागं राहतात तीनेक, ओमेगाचे लाखात सात. तरीही शास्त्रज्ञ याच जोड्यांच्या मागं का लागतात? कारण इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनला टकरीच्या भट्टीतल्या प्रबळ बलाचं सोयरसुतक नाही. भट्टीत काय चाललं होतं ते तसंच्या तसं घेऊन ते बाहेर येतात. पुढं शिशाच्या अणुगर्भांच्या टकरीत भट्टी किती तापली हे जोखायचं तर आधी साध्या प्रोटॉनच्या टकरीत काय निघतं याचा हिशेब चोख हवा. हा आलेख त्या हिशेबाची खतावणी आहे.

आणि खतावणीचं सौंदर्य तिच्या वजाबाकीत आहे. एका टकरीतून अनेक इलेक्ट्रॉन आणि अनेक पॉझिट्रॉन बाहेर पडतात. कोण कोणाबरोबर जन्मला हे त्यांच्या अंगावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनची प्रत्येक पॉझिट्रॉनशी जोडी लावतात. यात्रेच्या गर्दीत दिसेल त्या बाईला दिसेल त्या बाप्याशेजारी उभं करून जोडपी मोजायची म्हटलं तर जेवढी खरी निघतील त्याच्या कितीतरी पट खोटी निघतील. इथंही वस्तुमानाच्या काही पट्ट्यांत तसंच होतं. मग खोट्या किती हे कळावं कसं? युक्ती अशी की इलेक्ट्रॉनची इलेक्ट्रॉनशी आणि पॉझिट्रॉनची पॉझिट्रॉनशी जोडी लावून पाहायची. या जोड्या बहुतांशी निखळ योगायोगाच्याच असणार. त्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं: खोट्या जोड्यांचा अंदाज हाती. यंत्र दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच नजरेनं पाहतं का हे तपासायला वेगवेगळ्या टकरींतले कण मुद्दाम एकत्र कालवून पुन्हा मोजतात. एवढी खोटी मांडामांड करून मग खरं उरतं. हिशेबात इतका सचोटीचा माणूस मी फार थोड्या सोसायट्यांत पाहिला आहे.

या वजाबाकीत एक बारीक जागा आहे आणि ती मला दोन्ही चित्रांमधला सांधा वाटते. टकरीतून निघालेला एखादा गॅमा किरण यंत्राच्या नळीवर किंवा आतल्या पातळ थरांवर आपटतो आणि फुटून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन होतो. ही जोडी खरीच आहे, जन्मही एकत्र. पण जन्म टकरीत नाही, यंत्राच्या अंगावर. ॲलिसचं चुंबकीय क्षेत्र अर्धा टेस्ला, म्हणजे पाच हजार गौस. अशा जोडीचे दोन्ही कण निघताना एकमेकांना चिकटून निघतात आणि क्षेत्रामुळंच फाकतात, त्या फाकण्याच्या दिशेवरून त्यांना ओळखून बाहेर काढतात. जिनिव्हात हा कचरा. आणि सिंह राशीतल्या ताऱ्यावर, ॲलिसच्या चाळीस कोटी पट क्षेत्रात, हीच गॅमा किरणातून होणारी जोडी म्हणजे अख्खं नाटक. तिथं तिला नळीही लागत नाही, नुसतं क्षेत्र पुरतं.

जिनिव्हाचं चित्र मी मनापासून मानतो. पण आवडतं मला खोडदचं. जिनिव्हात कण हाती येतो, त्याची वाट वाकलेली दिसते, त्याची ओळख पटते. खोडदला हाती येतो तो फक्त ठसा, आणि तोही जनावराच्या पायाचा नव्हे, जनावर चालल्यानं हललेल्या उसाचा. एवढ्यावरून चाल सांगायची. आणि चाल सांगताना खोडदच्या चित्रात चकवा लागतो.

पुन्हा त्या तिरक्या पटाकडं या. एका ओळीतला डाग पुढच्या ओळीतल्या कोणत्या डागाशी जोडायचा? डावीकडच्या कडेच्या डागाशी जोडला तर ठिणग्या एका दिशेनं चालतात असं दिसतं, उजवीकडच्याशी जोडला तर उलट्या दिशेनं. डोळा दोन्ही करू शकतो. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं तेच हे. तारा आपल्याला फेरीत एकदाच फट उघडून दाखवतो, मधल्या वेळात ठिणग्या कुठून कुठं गेल्या ते झाकलेलं. जिनिव्हातला प्रश्न इथं वेगळ्या वेषात आला आहे: कोणाची जोडी कोणाशी?

हा चकवा या ताऱ्यापुरता अविनाश देशपांडे आणि जोआना रँकिन यांनी १९९९ मध्ये सोडवला, पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या दुर्बिणीतल्या नोंदींवरून. सगळ्या ठिणग्या सारख्या जोराच्या नसतात, हे त्यांनी हेरलं. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते आहे आणि आपण भिंतीतल्या फटीतून बघतो आहोत असं समजा. बैल एकामागून एक जातात, सगळे सारखे. पण एकाचं शिंग मोडलेलं असेल तर ते मोडकं शिंग पुन्हा कधी येतं यावरून पातीत बैल किती आणि पात कोणीकडं फिरते हे दोन्ही कळतं. इथं मोडकं शिंग सदतीस फेऱ्यांनी परत येत होतं. हिशेब बसला: वीस ठिणग्या, आणि त्यांच्या अख्ख्या पातीची एक फेरी सुमारे एकेचाळीस सेकंदांत. वीस बैलांची पात जुन्नरच्या कोणत्याही खळ्यानं पाहिली नसेल. खोडदच्या डिशवर यशवंत गुप्ता, पोलंडचे यानुश गिल आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४ मध्ये बी०८२६-३४ नावाच्या पल्सारची अशीच पात उलगडली. तिथं तर डाग चालता चालता दिशाच बदलतात, आणि हा बदल चालीतल्या थोड्याशा चढउतारानं पडलेला चकवा आहे हे त्यांनी दाखवलं.

चित्राचा एक कोपरा राहिला. बी०९४३+१० काही तास असा शिस्तीत विणतो आणि मग एकाएकी, दोन-चार फेऱ्यांच्या अंतरात, विण मोडते. डाग विस्कटतात, रेडिओचा जोर घटतो. तास-दोन तास असं चालतं, आणि तितक्याच अचानक शिस्त परत. २०११ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, कार्तिक-मार्गशीर्षातल्या उत्तररात्री, खोडदच्या डिश आणि नेदरलँड्सची लोफार दुर्बीण या ताऱ्याकडं लावून ठेवल्या होत्या, आणि त्याच वेळी आकाशातून एक्सएमएम-न्यूटन उपग्रह त्याचे क्ष-किरण मोजत होता. २०१३ साली जे छापलं गेलं ते पाहून अनेकांनी पुन्हा वाचलं असेल: रेडिओ मंदावतो तेव्हा क्ष-किरण दुपटीहून जास्त उजळतात. म्हणजे रेडिओचं कापड विस्कटलेलं असताना चकतीवर शांतता नसते. तिथं काहीतरी जास्तच तापलेलं असतं. जोड्यांपैकी परत ताऱ्याकडं ओढले जाणारे कण पृष्ठभाग तापवतात, हे १९७५ च्या अंदाजातच होतं. पण दोन अवस्थांमध्ये अदलाबदल एवढ्या चटकन आणि एवढी उलटी का व्हावी, हे तेव्हाच्या कोणत्याच मांडणीत बसत नव्हतं. मला हा विस्कटलेला भाग चित्रातला सगळ्यात बोलका वाटतो. ठसे एकाएकी विरळ झाले की जनावर गेलं असं आमच्याकडं कोणी म्हणत नाही. ते उसात बसलंय म्हणतात.

जाता जाता एका खुणेबद्दल. साफ न केलेल्या कच्च्या चित्रात मधेच एखादी ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत काळीभोर येते. नवख्याला वाटतं ताऱ्यानं आरोळी ठोकली. जाणता ती ओळ बघून हसतो. ताऱ्याची लहर अवकाशातल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून वाट काढत येते, म्हणून तिच्यातल्या वरच्या वारंवारता आधी पोचतात आणि खालच्या मागून. या ओळीत सगळ्या एकाच क्षणी आल्या आहेत, म्हणजे ती लांबून आलेली नाही. जवळच्या एखाद्या वावरात विजेच्या खांबावर सैल झालेली तार, तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर, आणि त्यांच्यामध्ये उडणारी ठिणगी. खोडदची माणसं अशा ठिणग्यांचा माग काढत गाडीतून हिंडतात, खांब सापडला की वीज कंपनीला कळवतात, तार आवळली जाते, आणि दुसऱ्या रात्रीच्या कापडातून तो धागा गेलेला असतो.